जांभळ्या मिशीची खिडकी

"परत म्हण गं बाई, परत एकदा!"

हा आवाज मी पाच वर्षांची असल्यापासून माझ्या कानात आहे. पुरुषाचा, भरदार, हसून हसून ओला झालेला. तो एका खिडकीच्या गजांआडून येत होता. गजांमागे अंधार, त्यामुळे त्या आवाजाला तोंड नव्हतं. नुसतं हसू होतं. त्याच्या मागून आणखी हसणारे आवाज, आणि टाळ्या. लहानपणीचा सगळ्यात आनंदाचा आवाज कुठला, असं मला कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून हाच सांगितला असता.

पंचवीस वर्षांनी तो मी पुन्हा ऐकला. तेव्हा त्याला तोंड होतं आणि तोंडावर मिशी होती. जांभळी.

नर्सिंग स्कूलमध्ये आमचं दहा दिवसांचं शिबिर होतं. आम्ही आठ जणी, कोणी वॉर्ड सांभाळणारी, कोणी शाळेत शिकवणारी. नर्सांना शिकवणाऱ्यांनी आधी काय शिकायचं, याचं ते शिबिर. विषय होता आरोग्यातली समता. दवाखाना तोच, गोळी तीच, सलाईन तेच, मग एकाला ते मिळतं आणि दुसरा दारातून परत का जातो, हे विद्यार्थिनींना कसं शिकवायचं? शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं एक धडा घेऊन दाखवायचा होता. त्यातून वॉर्डातल्या दोघींची ट्यूटर म्हणून निवड व्हायची, बाकीच्या आपापल्या वॉर्डात परत.

मला ट्यूटर व्हायचं होतं. स्त्रियांच्या वॉर्डात आठ वर्षं मी पाठी चोळल्या होत्या, शौचाची भांडी दिली होती, सुया दिल्या होत्या, आणि हे सगळं करताना मनातल्या मनात एका मोठ्या वर्गाला समजावून सांगत होते. खडू दिसला की माझे हात शिवशिवायचे.

शिकवायला पुण्याहून लोखंडे मिस आल्या होत्या. काडीसारख्या बारीक, पांढरी सुती साडी, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. त्या कधी हसत नसत. आम्ही हसायला लागलो की पेनाला टोपण लावून थांबायच्या, आणि आमचं हसू ओसरलं की टोपण काढून पुढे सुरू करायच्या. दहा दिवसांत ते टोपण झिजून कसं गेलं नाही, देव जाणे. कारण आम्ही हसतच होतो. घर, ड्यूटी, सासू, पोरांचे डबे यांतून सुटलेल्या आठ बायका एका वसतिगृहात. आम्हाला पंधरा वर्षांच्या पोरींचं वारं लागलं होतं. बादली आपटली तरी हसू, बादली नाही आपटली तरी हसू.

दुसऱ्याच दिवशी मिसनी फर्मान काढलं. "आज युनिफॉर्म नाही. आज तुम्ही पेशंट. पलीकडच्या आपल्याच ओपीडीत जायचं, रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढून आणायचा. ओळख सांगायची नाही."

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या एस्तेर साळवे. सव्वीस वर्षांची नोकरी, वॉर्डची इन्चार्ज, आवाज असा की स्टोअरमधली झुरळंही ड्यूटीवर हजर व्हावीत. त्यांनी स्वयंपाकीण मावशींचं जुनं लुगडं मागून घेतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि कंबर धरून वाकून चालायला लागल्या.

"हसू नका गं! मी मोलमजुरी करते. माझी कंबर गेलीय."

"एस्तेरबाई, घड्याळ काढा हातातलं," मी म्हटलं.

"घड्याळ नाही काढणार. मजुरीत मिळालंय म्हणून सांगेन."

आणि ओपीडीच्या दारात एस्तेरबाईंच्याच वॉर्डच्या मावशींनी, ज्या एरवी त्यांच्यासमोर मान वर करत नसत, त्यांना झाडूच्या दांड्यानं अडवलं. "ए बाई, चपला काढ! घर आहे का तुझ्या बापाचं?" एस्तेरबाईंनी मुकाट्यानं चपला काढल्या. एक तास रांगेत काढला. खिडकी इतकी उंच की बोलताना टाचा वर कराव्या लागल्या. परत आल्या तेव्हा हसण्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. निदान आम्हाला तरी ते हसण्याचं वाटलं.

"लिहा," लोखंडे मिस फळ्याकडे वळून म्हणाल्या. "खिडकी कुणाच्या उंचीनं बांधली आहे? हा आजचा पहिला प्रश्न."

त्याच संध्याकाळी त्यांनी घरचा अभ्यास दिला. "रविवारी घरी जाल. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एक माणूस असं असेल, जे दवाखान्याची पायरी चढत नाही. ते का चढत नाही, हे त्याला विचारून या. तुम्ही ठरवायचं नाही, त्याला विचारायचं. त्यावरच धडा बांधा."

मला तर हसूच आलं. माझ्याकडे ते माणूस तयार होतं.

माझी आई, बामीबाई. खाडीकाठच्या आमच्या आगरी गावात ती धवलारीण होती. लग्नात धवले गाणारी. तिच्या गाण्याशिवाय हळद लागायची नाही, मांडवात नवरी उभी राहायची नाही. आवाज असा, की मिठागरावर ती गायला लागली तर बांधावरचे बगळे मान वळवून बघत, असं माझा बाबा सांगायचा. तिला अक्षरओळख नव्हती, पण हजारभर ओळी तिच्या जिभेवर होत्या. आणि अशी ही बाई दवाखान्याला भ्यायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मुलगी नर्स असूनही ती यायला तयार नव्हती. "तुझे दवाखान्यान मी नाय येत गो. आंधली झाली तरी गानी माझे डोल्यांन थोरीच हायेत?"

ती का येत नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आमच्या घरातली ती सगळ्यात गमतीची गोष्ट. मी पाच वर्षांची असताना खाडीत कालवं काढायला तिच्या मागे गेले आणि कालवाच्या शिंपीनं माझा पाय फाटला. मला खांद्यावर टाकून ती दोन कोस चालत एका दवाखान्यात गेली. खिडकीतल्या माणसानं केसपेपरसाठी विचारलं, नवऱ्याचं नाव? आणि जुन्या वळणाची आमची आई, नवऱ्याचं नाव तोंडानं घेईल कशी? ती गप्प. तो म्हणतोय म्हण, ही पदर चावतेय. म्हण, म्हण, म्हण करता करता दुपार झाली, खिडकी बंद. आई मला घेऊन घरी. पायाला हळद-चुना लावला. माझं मधलं बोट त्यामुळे अजून वाकडं आहे, आणि दर दिवाळीला सगळे जमले की बाबा ते बोट धरून विचारायचा, "हा बोट कोनाचे लाजेनं वाकरा झाला?" की सगळं घर हसून लोळायचं. आईही हसायची. गोष्ट घरी पहिल्यांदा तिनंच सांगितली होती.

रविवारी घरी गेले तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. तिची फक्त मनधरणी केली.

"आये, दवाखान्यात नाही, आमच्या शाळेत यायचं. माझी परीक्षा आहे. तू तिथे खोट्या खिडकीसमोर उभी राहायचंस आणि बाबाचं नाव उखाण्यात घ्यायचंस. एवढंच. तू आलीस तर मी मास्तरीण होईन."

तिनं जाळ्याच्या दोरीला गाठ मारली आणि विचारलं, "खिरकीव?"

"पुठ्ठ्याची गं. खोटी."

"तू मास्तरीन व्हशील?"

"होईन."

"मंग येन," ती म्हणाली.

माझा डाव पुढचाही होता. धडा संपला की तिचा हात धरायचा आणि अंगण ओलांडून डोळ्यांच्या ओपीडीत न्यायचं. एकदा दवाखान्याच्या आवारात पाऊल पडलं की तिची भीती गेलीच म्हणून समजा, असा माझा हिशेब होता.

धड्याची तालीम म्हणजे तमाशा होता. माझी कल्पना अशी: आधी दाखवायचं की खिडकीतला कारकून बाईवर ओरडतो आणि ती परत जाते. मग दाखवायचं की शहाणी नर्स काय करते. तिची रीत ओळखते, तिला उखाण्यात नाव घेऊ देते, केसपेपर निघतो, सगळे सुखी. कारकून झाली कुंदा टिपणीस, शाळेची ट्यूटर, बडबडी आणि नाटकवेडी. मिशीशिवाय कारकून कसा, म्हणून तिनं ड्रेसिंग ट्रॉलीवरचं जखमेला लावायचं जांभळं औषध कापसानं ओठावर ओढलं. बाटलीवरचं नाव आम्हा आठही जणींना झोपेतही म्हणता आलं असतं. ते कातडीवरून चार-चार दिवस निघत नाही, हेही आम्हा आठही जणींना ठाऊक होतं. त्या क्षणी एकीलाही आठवलं नाही.

साबण झाला, लिंबू झालं, स्पिरिट झालं. मिशी फक्त गुलाबी झाली, मग पुन्हा जांभळी दिसायला लागली.

"परवा माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा आहे गं!" कुंदा आरशासमोर रडकुंडीला आली.

"मुलाकडचे खूश होतील," एस्तेरबाई म्हणाल्या. "म्हणतील, घरात पुरुषमाणूस आहे."

आम्ही जमिनीवर बसून हसलो. जेवणाच्या टेबलावर हसलो. लोखंडे मिस दारातून आत आल्या, मिशी पाहिली, पेनाला टोपण लावलं आणि तशाच बाहेर गेल्या. कोणी म्हणालं त्या बाहेर जाऊन हसल्या, कोणी म्हणालं शक्यच नाही.

मग उखाण्यांची साथ पसरली. तालमीत प्रत्येकीला खिडकीसमोर उभं करून नाव घ्यायला लावायचं. एस्तेरबाई म्हणाल्या आमच्यात तसलं काही नसतं, आणि लगेच टाचा उंच करून सुरू झाल्या:

"सलाईनच्या बाटलीत थेंब थेंब पाणी,
सॅम्युएलरावांचं नाव घेते ओपीडीची राणी!"

धड्याच्या आदल्या दिवशी मिसनी माझा कागद वाचला. दोन पानं होती. पहिल्या ओळीत मी तो खिडकीतला आवाज लिहिला होता, जसाच्या तसा, सुरुवात पकड घेणारी व्हावी म्हणून. त्या बराच वेळ वाचत राहिल्या.

"आईला विचारलंत?"

"विचारायचं काय मिस? घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे."

त्यांनी पेनानं पहिल्या ओळीशेजारी एक बारीक टिंब दिलं आणि कागद परत केला. टिंब कसलं ते मी विचारलं नाही. मी आनंदात होते, मला वाटलं शाबासकीचं.

शेवटच्या दिवशी आई आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात पिवळी शेवंती, हातात टोपली. टोपलीत सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. वर्गात पाऊल टाकताना तिनं चपला बाहेर काढल्या. "आत घालून या आजी!" सात जणी एकदम ओरडल्या, आणि एस्तेरबाईंनी स्वतः वाकून चपला आत आणल्या.

"आयाव! ही कोन?" आईनं मिचमिच्या डोळ्यांनी कुंदाकडे बघितलं. "बाई का बाबा?"

"बाबा!" कुंदा जाड आवाजात म्हणाली. "केसपेपरवाला!"

"मिशी बेस हाय तुझी. वांग्यावानी."

झालं. धडा सुरू व्हायच्या आधीच वर्ग फुटला. मागच्या बाकांवर पंचवीस विद्यार्थिनी होत्या, त्याही. आई सगळ्यांकडे बघून हसत होती. लग्नघरात तिचं तोंड उजळायचं तसं उजळलं होतं. मला वाटलं, बघा, हिला भीती कसली? उगाच इतकी वर्षं घालवली.

मी फळ्यासमोर उभी राहिले. हातात खडू. मनातल्या मनात हजार वेळा घेतलेला वर्ग आता खरा समोर होता. मी ती गोष्ट सांगितली: खाडी, शिंपी, खांद्यावरची पोर, पदर चावणारी बाई. अगदी बाबा सांगायचा तशी, योग्य जागी थांबून. पोरी हसल्या. मग मी म्हटलं, "ही बाई अडाणी नव्हती. ही तिची रीत होती. आपण रीत ओळखली असती, तर खिडकी तिच्यासाठी उघडली असती. बघू या कशी." आणि आईला खुणावलं.

आई पुठ्ठ्याच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. टाचा उंच करायची गरज नव्हती. एस्तेरबाईंच्या हट्टापायी खिडकी कमरेएवढ्या उंचीवर कापली होती. तरी तिच्या टाचा जराशा उचलल्या गेल्याच.

"नवऱ्याचं नाव?" कुंदानं टेबलावर शिक्का आपटला.

आईनं एक हात कानाशी नेला आणि गायली. नुसतं म्हणेल असं वाटलं होतं, तिनं धवल्याच्या चालीवर लावलं:

"खारीचे पान्यान चांदनं झुललं,
बालारामाचे नावानं मीठ माजं फुललं!"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पलीकडच्या वॉर्डातल्या मावशी खिडकीशी आल्या. "परत! आजी, परत!" मागच्या बाकावरच्या पोरी उभ्या राहिल्या. आईनं परत म्हटलं. दुसऱ्या वेळी आवाज आणखी वर गेला. एस्तेरबाईंनी शिट्टी मारली. खरंच मारली, दोन बोटं तोंडात घालून. लोखंडे मिसनी पेनाला टोपण लावलं. मी सगळ्यांच्या पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि मला कळत होतं की मी निवडली गेले.

तेवढ्यात कुंदाला चेव आला. तिनं मिशीवरून बोट फिरवलं, छाती फुगवली आणि माझ्या कागदातलं पहिलं वाक्य घोगऱ्या, हसऱ्या आवाजात फेकलं:

"परत म्हण गं बाई, परत एकदा!"

माझ्या अंगावर सुखाचा काटा आला. तोच आवाज. हुबेहूब. मी आणखी जोरात टाळ्या पिटल्या.

आई म्हणाली नाही.

तिचं हसू तोंडावर तसंच होतं. तिनं पुठ्ठ्याची कड घट्ट धरली होती. टाळ्या एकेक करून कमी झाल्या. कोणीतरी पोर मागे अजून खिदळत होती, तीही थांबली.

"यमुनाताई," लोखंडे मिस बसल्या जागेवरून म्हणाल्या, हळू. "खिडकीतला माणूस त्या दिवशी काय म्हणाला होता? तुम्हीच लिहिलंय."

"परत म्हण, असं."

"त्यांनी नाव घेतलंच नव्हतं ना? मग परत कसं?"

मी कागदाकडे बघितलं. पहिली ओळ, तिच्या शेजारी ते बारीक टिंब. पंचवीस वर्षं ते वाक्य माझ्या कानात होतं, आणि मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

खडू मी फळ्याच्या कडेला ठेवला. आईजवळ गेले. कुंदा मिशीवर हात धरून बाजूला झाली होती.

"आये," मी म्हटलं, "त्या दिशी काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत हे मी तिला पहिल्यांदा विचारत होते.

तिनं आधी लोखंडे मिसकडे बघितलं, मग पोरींकडे, मग माझ्या पायाकडे.

"घेतला व्हता मी नाव," ती म्हणाली. "मना कसली गो लाज? सगले गावच्या नवऱ्या मी बोलत्या केल्या. त्यानी विचारला, मी गाऊन सांगितला. त्याला गंमत वाटली. बोलला, परत म्हन. मी परत म्हनला. मंग त्यानी आतल्या बाबाला हाक मारली, सिस्टरांना हाक मारली, सगली जमा झाली. परत. मना वाटला, ही मानसा खूश झाली का तुझा नंबर लवकर लावतील. तुझे पायातून रगत जात व्हता. सात वेला म्हनला मी. सातवे वेली घंटा झाली न् खिरकी लागली. बोलला, उद्या ये, नवा गाना घेऊन ये."

एस्तेरबाई खाली बसल्या. लोखंडे मिसच्या हातातल्या पेनावर टोपण अजून तसंच होतं.

"मग घरी असं का सांगितलंस आये? नाव घेतलंच नाही म्हणून? इतकी वर्षं आम्ही तुला हसलो, तूही हसलीस."

तिनं माझे दोन्ही हात धरले. टाळ्या पिटून ते अजून लाल होते. तिनं ते आपल्या हातांत मिटून घेतले आणि तसेच धरून उभी राहिली.

"काय सांगू गो यमे? माझे खांद्याव बसून टाल्या तू वाजवत व्हतीस. सगल्यांहून जोरात."